कढईतले शिपाई

गेल्या वर्षीची वसुबारस. स्वयंपाकघरात चकल्यांचा दुसरा घाणा कढईत पडला होता, आणि ओसरीवरच्या झोपाळ्यावर माझी नात पुस्तक पोटाशी धरून मुसमुसत होती. पोर तेरा वर्षांची, सुटीला पुण्याहून आलेली. तिची आजी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली.

“काय झालं ग?”

“एलिडिर मेला.”

“अगबाई! तुझ्या वर्गातला का?”

तो वर्गातला नव्हता. खरे म्हणजे तो कुठलाच नव्हता. लॉइड अलेक्झांडर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९६४ ते १९६८ या वर्षांत पाच कादंबऱ्यांची एक माला लिहिली; तिच्या दुसऱ्या भागातला हा एक गर्विष्ठ राजपुत्र. दुसऱ्या महायुद्धात हा लेखक शिपाई म्हणून शिक्षण घेण्यासाठी काही काळ वेल्समध्ये होता. धुके, पडके किल्ले आणि केल्टांची ती जुनी, कानाला गोड लागणारी भाषा, हे सारे त्याच्या मनात घर करून राहिले. पुढे वेल्सच्या ‘मॅबिनॉगियन’ या जुन्या कथासंग्रहातली माणसे, राक्षस आणि चमत्कार घेऊन त्याने प्रिडेन नावाचा एक स्वतःचाच मुलूख उभा केला. या मालेचा नायक काही राजपुत्र नव्हे. तो डुकरे राखणाऱ्याचा मदतनीस आहे. राखणाराही नव्हे, मदतनीस! आणि राखायचे डुकरूही कसे, तर भविष्य जाणणारे. आमच्या सौभाग्यवतींना हे ऐकून जे हसू फुटले, त्यात चकल्यांचा एक घाणा जरा जास्तच तांबूस झाला.

नातीने मग डोळे पुसत मला त्या काळ्या कढईची हकिगत सांगितली. एक दुष्ट राजा रणांगणावरची प्रेते चोरून आणतो आणि त्या कढईत टाकतो. प्रेते उठतात ती शिपाई होऊन. त्यांना मरण नाही, वाचा नाही, आणि आपण कोण होतो, कुणाचे होतो याची आठवणही नाही. ही कढई कशानेच फुटत नाही. एका जिवंत माणसाने, आपण मरणार हे जाणून, आपल्या खुषीने आत उडी घेतली तरच ती भंगते. एलिडिर ती उडी घेतो.

गोष्ट चांगली आहे, हे मी तेव्हाही मनात कबूल केले. पण मी पडलो निवृत्त शिक्षक, त्यातून इतिहासाचा. जो कधी जन्मलाच नाही त्याच्या मरणाचे एवढे दुःख आणि आपल्या मातीत खरोखर मेलेल्यांचा पत्ताही नाही, हे काही माझ्या पचनी पडेना. “रडायचंच आहे ना? मग तुला खरी रडण्याची जागा दाखवतो,” असे मी म्हणालो, आणि भाऊबीज आटोपल्यावर तिला असईला घेऊन गेलो. माझ्या त्या बोलण्यात विद्यादानाची तळमळ किती आणि पोरीला खजील करण्याची हौस किती, याचा हिशेब मी आजही नीटसा मांडू शकत नाही.

असई आमच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भोकरदनच्या पूर्वेस. वाटेत राजूरच्या गणपतीला हात जोडले. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात हे गाव आहे. चारी बाजूंना कपाशी फुटलेली, वेचणीच्या बायका ओट्या बांधून सरींतून पुढे सरकत असलेल्या. इथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा वेलस्ली. आणि आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे विचारले असता त्याने म्हातारपणी असईचेच नाव घेतले, असे सांगतात. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असतानाही, दोन काठांवर दोन गावे समोरासमोर आहेत त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने बांधला आणि तो खरा ठरला. मी नातीला ते सारे समजावून सांगितले. कंपनीकडचे ४२८ ठार आणि अकराशेंवर जखमी. समोरच्या बाजूचे बाराशे मुडदे शेतात पडलेले राहिले, असा खुद्द वेलस्लीचा अंदाज. ९८ तोफा पाडाव झाल्या. पोर पेरू खात निमूट ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.

इथे माझा पारा चढला, कारण मला एक जुने उदाहरण आठवले. जेम्स मॅकफर्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७६० नंतरच्या तीन-चार वर्षांत ओसियन नावाच्या प्राचीन केल्ट कवीची महाकाव्ये उजेडात आणली. धुके, वारा, पडलेले वीर आणि त्यांच्यासाठी झुरणाऱ्या सुंदर स्त्रिया! सारा युरोप वेडा झाला. गटेच्या वेर्थरने ती वाचली, नेपोलियनने ती उराशी धरली. महाकाव्ये बव्हंशी मॅकफर्सनने स्वतःच रचली होती, हे पुढे उघड झाले. (हा मॅकफर्सन पुढे अर्काटच्या नबाबाचा लंडनमधला वकील झाला, तेव्हा केल्ट वीरांच्या या पोशिंद्याला थोडासा आपल्या मुलखाचाही पैसा लागला आहे!) पण ती खरी की खोटी हा माझा मुद्दा नव्हे. दिवाणखान्यातून या वीरांसाठी रुमाल भिजत होते, त्याच काळात स्कॉटलंडच्या डोंगरातल्या खऱ्या, हाडामांसाच्या केल्टांना मेंढ्यांची कुरणे करण्यासाठी जमिनीवरून हुसकण्यास सुरुवात झाली होती. रुमाल भिजवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्यासाठी तोंड उघडले? खोट्या दुःखावर रडून माणसाचे काळीज हलके होते, आणि हलके झालेले काळीज खऱ्या दुःखाकडे पाठ करून सुखाने झोपी जाते, असा माझा आरोप होता. तो मी बांधावर उभा राहून, बऱ्याच मोठ्या आवाजात, तेरा वर्षांच्या मुलीवर केला.

तिने शांतपणे विचारले, “पण आजोबा, ते डोंगरातले लोक इथे कसे आले?”

हे मला सांगता येण्यासारखे होते. असईला कंपनीच्या बाजूला बहुतेक सारे मद्रासचे शिपाई. पण गोऱ्यांच्या दोन पायदळ पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, आणि दोन्ही हायलँडर, म्हणजे त्याच डोंगरातल्या. भाषेच्या नात्याने वेल्सच्या लोकांचे हे चुलत भाऊ. १७४६ साली कलॉडनच्या माळावर इंग्रजांच्या राजाने त्यांचा मोड केला. त्यांची हत्यारे काढून घेतली, आणि त्यांचा तो चौकडीचा पोशाखही कायद्याने बंद केला. हा कायदा १७८२ पर्यंत चालला. त्यात एक सूट होती: राजाच्या फौजेत भरती होणाऱ्याला तो पोशाख घालता येत असे. आजोबांचा पेहराव अंगावर चढवायचा असेल तर आजोबांना मारणाऱ्याच्याच पलटणीत जावे लागे! १७९२ साली रॉस परगण्यातल्या लोकांनी वैतागून जमीनदारांच्या मेंढ्या हाकून लावल्या. त्यांना फौज पाठवून दडपले. आणि लगेच १७९३ साली त्याच परगण्यात ही ७८ वी पलटण उभी राहिली. दहा वर्षांनी ती असईला होती. तिच्या शेजारची ७४ वी तर इथे जवळजवळ बुडालीच. तिचे बहुतेक सारे अधिकारी मेले किंवा जखमी झाले.

“आणि समोरचे?”

समोरच्या शिंद्यांच्या कवायती पलटणी. त्यांत बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले गडी, आणि त्यांचा सेनापती पोलमन नावाचा हानोवरचा जर्मन.

पोरीने पेरूचा देठ टाकून दिला. कपाशीकडे पाहत ती म्हणाली, “म्हणजे हे सगळे कढईतलेच.”

आणि मग ती गप्प झाली. परतीच्या वाटेवर राजूर येईपर्यंत बोलली नाही.

मी तीसपस्तीस वर्षे वर्गात असईची लढाई शिकवली. नकाशे काढले, बाण काढले, तोफांचा आकडा पाठ करून घेतला. पण हरलेल्या माणसाला उचलून, त्याची आठवण पुसून, त्याला दुसऱ्या हरणाऱ्यावर सोडायचे, ही त्या लढाईतली गोष्ट मला कधी दिसली नव्हती. ती एका डुकराख्याच्या कादंबरीने तिला दाखवली आणि तिने मला.

साहित्यसम्राट न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या संमेलनाध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, ती जुन्या वाचकांना आठवत असेल. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःला विसरून नव्हे. तो एकाच वेळी तिथेही असतो आणि इथेही, आणि या दोन ठिकाणी असण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे. कॉलेजात हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यात ‘समाधी’ हा शब्द मोठा आणि ‘सविकल्प’ हे नुसते विशेषण, अशी माझी समजूत होती. ती समजूत मला एकदा महागात पडली. मला म्हणण्यापेक्षा दुसऱ्या कुणाला, म्हणणे बरे.

१९७२ चा दुष्काळ. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. मी वीस-एकवीस वर्षांचा, शिक्षण अर्धे टाकून पाझर तलावाच्या एका कामावर हजेरी मांडायला लागलेला. माणसे माती वाहत, खडी फोडीत; पोटात अमेरिकेतून आलेल्या मायलोची भाकरी, पोरांना सुकडी. माझ्याजवळ वाचनालयातून आणलेली नाथमाधवांची ‘वीरधवल’ होती. हे नाथमाधव सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेपासून खाली लुळे झाले. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने १९१३ साली मराठी पोरांना घोड्यावर बसवून रानोमाळ दौडवले. तेव्हा अशी पुस्तके म्हणजे रिकाम्या लोकांचा चाळा, असे मी म्हणणार नाही. त्या उन्हात तंबूखाली बसून मी ती वाचत होतो आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होते.

तेवढ्यात एक बाई आली. पोर आजारी म्हणून तिला यायला उशीर झाला होता. ते कडेवरच होते. नाव लावा, म्हणाली. मी वर न पाहता हाताने ‘थांब’ अशी खूण केली. प्रकरण संपायला चारपाच पाने राहिली होती. ती संपली तेव्हा साहेब हजेरीपटावर रेघ ओढून निघून गेले होते. बाईचा त्या दिवसाचा रोज बुडाला. ती काही बोलली नाही. पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली.

तिचे नाव रोज मीच पुकारीत असे. आज ते मला आठवत नाही. ‘वीरधवल’मधली नावे मात्र धडाधड सांगू शकेन.

तेव्हा बांधावर मी ज्याच्यावर तोंडसुख घेतले, तो रुमाल भिजवणारा वाचक झोपाळ्यावर नव्हता, बांधावरच उभा होता. पण एवढ्याने प्रश्न सुटला असे मात्र मला वाटत नाही. नातीच्या रडण्यातून असई उगवली आणि माझ्या रडण्यातून नुसती रेघ. पुस्तके तर दोन्ही एकाच जातीची. फरक वयाचा की मनाचा? की तिच्यापुढे त्या वेळी कुणी हजेरीसाठी उभे नव्हते, एवढाच? चांगला वाचक तो चांगला माणूस होतोच, असे म्हणणाऱ्यांनी जरा जपून म्हणावे. आणि वाचणारा बिघडतो म्हणणाऱ्यांनीही, कारण त्या साहेबांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नव्हती आणि रेघ त्यांनीच ओढली होती.

जाताना नात पहिले चार भाग माझ्यासाठी ठेवून गेली. इंग्रजी सोपे आहे. चष्मा पुसत पुसत तीन भाग संपवले. चौथ्यात तो डुकराख्या आपले आईबाप शोधायला निघतो. मनातून त्याला वाटत असते की आपण कुणीतरी मोठ्या कुळातले निघू. निघतो तो एक लंगडा, कंगाल मेंढपाळ. तूच माझा मुलगा, म्हणतो. पोरगा लाजेने मरून जातो, पण राहतो, राबतो. एक दिवस हिवाळ्यात म्हातारा दरीत कोसळतो आणि पोराच्या मनात क्षणभर येऊन जाते, की हा मेला तर मी सुटलो. मग तो स्वतःलाच भितो.

तिथे मी पुस्तक मिटले. रात्री फोन करून नातीला म्हणालो, यापुढे वाचवत नाही. का, म्हणाली. मग पन्नासांहून अधिक वर्षे कुणालाही, तिच्या आजीलाही, न सांगितलेली ती बाई मी तिला सांगितली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना.

“आजोबा,” ती अखेर म्हणाली, “ते बाळ बरं झालं का?”

मी म्हणालो, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई कामावर आली होती की नाही, हेही मला आठवत नाही.

“पण तुम्ही पुढचं वाचा,” ती म्हणाली. “तो दरीत उतरतो.”

ते मी वाचले. पाचवा भाग ती या दिवाळीत आणते आहे. शेवट कुणी सांगायचा नाही, अशी तिने आजीलासुद्धा ताकीद दिली आहे.