दोन नव्हे, एकच लढाई

भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी जमावाने सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांना ठार केलं. सुरेखाबाई दलित होत्या, स्वतःची जमीन कसत होत्या. शेतातल्या रस्त्यावरून वाद होता आणि मारहाणीच्या एका प्रकरणात त्यांनी साक्षही दिली होती. दलित, त्यातही बाई, ताठ मानेने उभी राहते हे गावाला खुपत होतं. पुढे खुनाबद्दल शिक्षा झाल्या. पण २००८ च्या निकालात ना अ‍ॅट्रॉसिटीचं कलम टिकलं, ना विनयभंगाचं.

जातीचा प्रश्न वेगळा आणि बाईचा वेगळा, ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. जातिअंताच्या सभेत घरातल्या मारहाणीचा विषय मागे ठेवला जातो. महिला मंडळाच्या हळदीकुंकवात पलीकडच्या वस्तीतली बाई नसते. बाबासाहेबांनी १९१६ सालीच, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, या दोहोंची गाठ दाखवून दिली होती. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा लग्न जातीबाहेर जाऊ नये यासाठीच आल्या, असं त्यांचं प्रतिपादन होतं. जात टिकवायची तर बाईवर पहारा हवा. म्हणूनच जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीच्या जिवावर घरचेच उठतात आणि दुसऱ्या जातीला धडा शिकवायचा म्हटलं की हात तिथल्या बाईवर पडतो.

हा पहारा कायद्याने पुरता उठत नाही, कारण पहारेकरी आपल्यातलेच असतात. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला, पायातली जोडवी काढायला शेजारच्या बायकाच पुढे होतात. मात्र गावाने ठरवलं तर हेही थांबतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दी वर्षात, या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आधी गाव हललं, मग सरकार.

ठरावाने सगळं बदलत नाही, हे खरं. पण आजवर ज्या गोष्टीला 'रीत' म्हणत होतो तिला गावाने अन्याय म्हटलं, की विरोध करणारी बाई एकटी राहत नाही. खैरलांजीत नेमकं हेच झालं नाही. मारणारे मोजके असतात, त्यांना बळ मिळतं ते बघ्यांच्या गप्प बसण्यातून.

तेव्हा सुरुवात आपल्याच दारातून करू या. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर 'त्यांचं घरगुती आहे' म्हणू नका, दार वाजवा. जातीवरून कुणी कुणाला हिणवलं तर तिथल्या तिथे अडवा, मग तो सख्खा काका का असेना. तक्रार द्यायला निघालेल्या बाईसोबत पोलीस ठाण्यापर्यंत चला आणि साक्ष द्यायची वेळ आली तर मागे हटू नका.