पटाचा हिशेब आणि तांड्यावरची शाळा

पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 15 मार्च 1961 रोजी अहवाल सादर केला, आणि त्यातून सिद्ध झालेल्या कायद्यान्वये 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कारभार पाहू लागल्या, तेव्हा ज्याचे मूल शाळेत जाते त्याला शाळेच्या खर्चाचा जाब आपल्याच तालुक्यातील सभासदाला विचारता यावा, हा हेतू त्यामागे होता. शाळा जिल्ह्याकडे आल्या. तिजोरीच्या किल्ल्या मात्र मुंबईतच राहिल्या. योगायोग असा, की 15 मार्चलाच, 2024 साली, शासनाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्याचे, जे निकष काढले त्यांनी विसापर्यंत पट असलेल्या शाळेतील दुसऱ्या नियमित गुरुजींची शाश्वती काढून घेतली. शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगते, ती तशीच आहे.

शाळांच्या निधीला कात्री लागते ती अर्थसंकल्पाच्या भाषणात नव्हे. ती लागते सादिलाच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेत, न भरलेल्या पदांत, मार्चअखेरीस येऊन खर्ची न पडलेल्या तरतुदीत. समग्र शिक्षा योजनेच्या दराने तीसपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाकाठी 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळते, म्हणजे महिन्याला साडेआठशेही नाहीत. त्यात खडू, हजेरीपट, झाडू, पाण्याच्या टाकीची तोटी, कौलांची डागडुजी आणि विजेचे बिल. बिल थकले की मीटर तोडतात, आणि लोकवर्गणीतून आणलेला डिजिटल वर्गाचा पडदा भिंतीवर कोरा राहतो. मग मुख्याध्यापक खिशात हात घालतात. त्या पैशाची नोंद कोणत्याही कीर्दीत होत नाही, म्हणूनच कपातीने काही बिघडले नाही, असे वरच्या कार्यालयास खुशाल म्हणता येते.

पट कमी म्हणून निधी कमी, हे सूत्र वरकरणी निर्दोष दिसते. परंतु झरी जामणी किंवा मारेगावकडील कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्ती, मुळातच थोड्या घरांचे असते. तेथे वीस मुले जमणार कोठून? पुसद-महागावकडच्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात, आणि मूल त्यांच्यामागे जाते. वर्गखोली गळते, एकच गुरुजी पाच इयत्ता हाकतात आणि आठवड्यातले दोन दिवस माहिती भरण्यात घालवतात, हे पाहून ज्याला ऐपत आहे तो पालक मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. पट घसरतो तो अशा हलाखीने, आणि घसरलेला पट पुढच्या कपातीचे कारण म्हणून पुढे केला जातो.

2011 च्या पटपडताळणीत खोटे पट मोठ्या संख्येने उघडकीस आले होते, तेव्हा शासनाची शंका अगदीच निराधार नाही. सात मुलांच्या शाळेत मुलाला खेळायला सवंगडी मिळत नाही, हा आक्षेपही खरा. त्यावर सप्टेंबर 2023 मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा उपाय निघाला, पानशेत व तोरणमाळ येथील अशा शाळांचे दाखले देण्यात आले. समूह शाळा चांगली असू शकेल. परंतु पावसाळ्यात नाला भरला म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलीला पलीकडे कोण नेणार, आणि त्यासाठी आईची निंदणाची मजुरी बुडाली तर ती कोण भरून देणार? शासनाचा खर्च येथे वाचत नाही, तो मजुराच्या घरावर ढकलला जातो.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार मांडली होती: महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षण वरच्या वर्गांचे. आज यवतमाळ शहरातील घरमालक मालमत्ता कराच्या बिलात शिक्षणकर भरतो, नगरपरिषद तो वसूल करून शासनाकडे जमा करते, आणि त्याच नगरपरिषदेच्या शाळेत त्याचे स्वतःचे मूल बहुधा नसते. त्यामुळे त्या शाळेचे छत गळले तरी त्याच्या घरी चर्चा होत नाही.

मार्च 2022 मध्ये सभासदांची मुदत संपून यवतमाळ जिल्हा परिषदेवर प्रशासक आला, आणि शिक्षण समितीत टेबल ठोकून भांडणारा माणूसच नाहीसा झाला. नेमक्या याच काळात समूह शाळांचा आणि संचमान्यतेचा हे दोन्ही निर्णय झाले. तेव्हा शाळा समायोजनाच्या प्रत्येक प्रस्तावास ग्रामसभेचा ठराव, आणि त्यासोबत नव्या शाळेपर्यंतच्या रस्त्याचा पावसाळ्यात केलेला पंचनामा, ही दोन कागदपत्रे जोडण्याची सक्ती जिल्हा परिषदेने स्वतःच्या ठरावाने करावी. त्याला मुंबईची मंजुरी लागण्याचे कारण नाही.