मूळ आणि फांद्या

परमेश्वराने इस्राएलास नेमून दिलेले सात सण लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहेत. पहिल्या महिन्यात वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण व प्रथम उत्पन्नाची पेंढी. तेथून पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण. आणि सातव्या महिन्यात कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस व मांडवांचा सण.

येशूला मशीहा मानणारे यहूदी बांधव या क्रमात तारणाची योजना पाहतात. वल्हांडणाच्या दिवसांत ख्रिस्त वधस्तंभावर खिळला गेला. पौल त्याला आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो (१ करिंथ ५:७). मरणातून उठून तो प्रथमफळ झाला. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला. राहिलेल्या तीन सणांत ते प्रभूचे पुनरागमन, इस्राएलाचा पश्चात्ताप आणि मनुष्यांमध्ये देवाची वस्ती यांची वाट पाहतात.

ही आशा गोड आहे. परंतु तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणास ठाऊक नाही, असे प्रभूनेच सांगितले असता सणांवरून तारखा काढण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? शिवाय तारखांहून कठीण असा एक प्रश्न हे सण आपणांस विचारतात. ज्या लोकांनी ते जपले, त्यांच्याशी आपण कसे वागलो?

इ. स. ७० मध्ये यरुशलेमातील मंदिर पडले, यज्ञ थांबले. तरी यहूदी घरांतील मेजावर बेखमीर भाकर राहिली. त्याच भाकरीत ख्रिस्ती मुलांचे रक्त मिसळतात, ही धादांत खोटी कंडी युरोपात शतकानुशतके पिकविण्यात आली. १९०३ मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात अशाच अफवेने पेटलेला जमाव पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी यहूद्यांच्या घरांवर तुटून पडला. त्या दंगलीत ४९ यहूदी मारले गेले. मारणारे स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते.

कोणी म्हणेल, त्यांनी मशीहाला ओळखले नाही. पौलाच्या अंतःकरणातही याचे दुःख होते. परंतु त्या दुःखाला त्याने द्वेषाची वाट दिली नाही. उलट रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना बजावतो की, तुम्ही कलम केलेली रानटी जैतुनाची फांदी आहात. मुळाला तुमचा आधार नसून मुळाचा तुम्हांला आहे.

हे मूळ आपल्याला परके नाही. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेने इस्राएल समाजास लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. आपलीच मराठी बोलत त्यांनी शब्बाथ पाळला.

तेव्हा वाचकहो, पुढील प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हाती घ्याल, तेव्हा ती प्रथम वल्हांडणाच्या मेजावर मोडली गेली होती, याचे स्मरण करा. यहूद्यांविषयी मनात तुच्छता बाळगून ती खाणे आपणांस शोभेल काय, हे प्रत्येकाने प्रभूसमोर स्वतःला विचारावे.