तान्ह्या बाळाच्या आईने अनासक्त कसं व्हायचं?



आजचा श्लोक : गीता, अध्याय १३, श्लोक ९.

ज्ञानी माणसाची लक्षणं सांगता सांगता भगवंत या श्लोकात थेट आपल्या घरात शिरतात. मुलं, बायको, घर या सगळ्यांविषयी आसक्ती नको, त्यांच्यात गुंतून जाणं नको. आणि मनासारखं घडो वा मनाविरुद्ध, चित्त सारखंच राहू दे. कॉलेजात असताना हा श्लोक मी पाठ केला होता. तेव्हा काही अडलं नाही, कारण सोडायला घर नव्हतं आणि मूलही नव्हतं. आता मांडीवर आठ महिन्यांचं बाळ आहे आणि यादीतला पहिलाच शब्द ‘पुत्र’ आहे.

मग प्रश्न पडतो, हे लागू तरी कसं करायचं? पहिले काही आठवडे बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं. दिवसातले चौदा ते सतरा तास झोपतं म्हणतात, पण ती झोप तुकड्यातुकड्यांत असते आणि मोठा तुकडा नेमका आपण जागे असताना पडतो. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं सगळ्यात जास्त असतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी संध्याकाळी तास-तास रडतं. त्याच सुमाराला, सहा ते आठ आठवड्यांत, ते पहिल्यांदा आपल्याकडे बघून खरं हसतं. मला वाटतं देवाने ही वेळ मुद्दाम अशी जुळवली असावी. जिवाच्या आकांताने जीव लावल्याशिवाय हे वर्ष निभणारच नाही. मग आसक्ती नको म्हणजे काय?

आधी एक गैरवापर बाजूला काढते. रात्री दोन वाजता बाळ रडत असताना शेजारच्या खोलीत दार लावून झोपणाऱ्याला अनासक्त म्हणत नाहीत. त्याला झोप प्रिय आहे, एवढंच. आमच्या घरी ही वेळ आली नाही, लंगोट बदलण्यात बाळाचे बाबा माझ्यापेक्षा वाकबगार आहेत. पण ‘मी संसारात असून नसल्यासारखा’ असं सांगत सगळं बायकोवर टाकणारे साधक सत्संगात भेटतात. गीता सांगितली गेली ती रथात खाली बसलेल्या माणसाला उठून उभं करण्यासाठी. तिचा आधार घेऊन पांघरुणात शिरता येत नाही.

आता शब्दाकडे येऊ. श्लोकात दोन शब्द आहेत, असक्ती आणि अनभिष्वंग. एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला? शंकराचार्य भाष्यात दोघांत फरक करतात. अभिष्वंग म्हणजे दुसऱ्याशी इतकं एकरूप होणं की तो सुखी तर मीच सुखी, तो दुःखी तर मीच दुःखी, तो जगला तर मी जगलो, तो गेला तर मीच मेलो. हे वाचून माझी पहिली प्रतिक्रिया होती, ‘अहो आचार्य, यालाच तर आई म्हणतात!’

पण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची लस आठवा. बाळाच्या मांडीत सुई जाते, ते आधी श्वास रोखतं आणि मग किंचाळतं. त्या क्षणी आईच्याही पोटात कळ येते, हे खरं. पण नर्सला आपल्याकडून काय हवं असतं? पाय घट्ट धरून ठेवणारा हात. कळ येते म्हणून जी तोंड फिरवते किंवा स्वतःच रडत बसते, तिचा त्या मिनिटाला बाळाला उपयोग नसतो. ‘तो दुःखी तर मीच दुःखी’ असं पूर्ण झालं, तर त्याचं दुःख सांभाळायला दुसरं कोणी उरतच नाही. श्लोकाचा दुसरा अर्धा भाग, इष्ट-अनिष्टात समचित्त राहणं, पहिल्या भागाला का जोडलाय ते मला त्या छोट्या खोलीत कळलं.

अभिष्वंगाचं दुसरं रूप जास्त लबाड आहे, कारण ते प्रेमासारखं दिसतं. वजनाचा तक्ता. पालथं पडणं. ‘आमचा पाचव्या महिन्यात बसायला लागला, तुमचा अजून नाही?’ निरोगी बाळांमध्येही या गोष्टी पुढेमागे होतात. कोणी नवव्या महिन्यात उभं राहतं, कोणी पंधराव्या महिन्यात चालतं. काही शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारावं, तेवढी काळजी कर्तव्यच आहे. पण व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच्या बाळाचा व्हिडिओ बघून छातीत जे टोचतं, त्यात बाळ कुठे असतं? तिथे मी असते. बाळाच्या रांगण्यावर माझी इभ्रत बसलेली असते.

ज्ञानेश्वर महाराज या श्लोकावर बोलताना मुलांसाठी जी उपमा देतात, ती पहिल्यांदा वाचून मला धक्काच बसला होता. पोटी आलेली मुलं म्हणजे जणू वस्तीला आलेले वाटसरू, किंवा झाडाखाली येऊन बसलेली गुरं. गुरं! ज्या माउलींच्या ओवीओवीत आई आणि तान्हं येतं, त्यांनी असं म्हणावं? काही दिवस मी हे मनातच ठेवलं. मग झाडाच्या बाजूने विचार करून पाहिला. भर दुपारी गुरं येऊन बसतात, तेव्हा झाड सावली हातचं राखून देत नाही. ही गाय माझी, ती शेजारच्याची, असंही करत नाही. आणि ऊन उतरल्यावर गुरं उठून निघाली, की त्यांच्या मागे धावत नाही. माझ्या वाचनात ही उपमा सावली कमी करायला सांगत नाही. उलट झाडाने जागा सोडायचीच नाही. हलायची मुभा फक्त गुरांना आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरत राजा इथे आठवतोच. राज्य आणि मुलं सोडून गंडकीकाठी तप करायला गेला. सिंहाची गर्जना ऐकून एका गाभण हरिणीने नदीपलीकडे उडी घेतली, पाडस प्रवाहात पडलं, हरिणी मेली. भरताने पाडस उचललं, वाढवलं, आणि त्यात इतका अडकला की शेवटच्या क्षणीही मन तिथेच राहिलं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना वाटायचं, म्हणजे पाडस उचलायला नको होतं? आज नीट वाचते तेव्हा दिसतं की उचलल्याचा दोष भागवत देत नाही. अनाथ जिवाला शरण देणं हा धर्मच. पुढे त्याची नित्याची साधना एकेक करून गळत गेली, पाडस जरा नजरेआड झालं की तो सैरभैर व्हायला लागला, तिथे घात झाला. आणि गंमत बघा, स्वतःची मुलं सोडून आलेला माणूस परक्या पाडसात अडकला. म्हणजे घर सोडून हा प्रश्न सुटत नाही.

साधना गळण्याचं मात्र तान्ह्याच्या आईने फार मनावर घेऊ नये. पहाटेचं पारायण या वर्षी होणार नाही. दूध पाजताना चार वेळा नाम झालं तरी पुष्कळ.

आणि एक गोष्ट, जी अशा लेखांत लिहायची राहून जाते. काही जणींना बाळाविषयी काही वाटतच नाही. कोरडं, सुन्न वाटतं, नको ते विचार येतात. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं आणि ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही ते सरलं नाही, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्याला वैराग्य समजू नका आणि ‘नाम घे, बरं वाटेल’ एवढ्यावर कोणाला थांबवू नका. डॉक्टरकडे जा. नाम रिक्षातही घेता येतं.

माझ्यापुरता हा श्लोक सध्या सकाळी साडेआठला येतो. प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा संपून ऑफिस सुरू झालंय. नेमकं आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास बाळांना कळायला लागतं की नजरेआड गेलेली आई कुठेतरी असते. आधी मी खोलीबाहेर गेले तरी त्याला फरक पडायचा नाही; आता चप्पल घातली की ओठ काढतो. हे रडणं बिघाडाचं नाही, वाढीचं आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने ‘अटॅचमेंट’वर आयुष्यभर काम केलं. त्याचं म्हणणं असं, की ज्या मुलाला परतून येण्याचं ठिकाण पक्कं ठाऊक असतं, तेच मूल धीटपणे दूर जातं. मराठीत आपण या शब्दालाही आसक्ती म्हणतो आणि घोळ होतो. बोल्बीची ती बाळाची गरज आहे. गीतेतला अभिष्वंग हा माझा हट्ट. एक पुरवायची, दुसरा सोडायचा.

म्हणून मी चोरून सटकत नाही. आजीच्या कडेवर देते, ‘येते हं’ म्हणते, त्याला रडू देते आणि जाते. जिन्यात दोन मिनिटं थांबून तो शांत होतोय का ते ऐकायचा मोह रोज होतो. जो ‘आहे’ हे कळलंय त्याचाच विरह होतो, हे भक्तीतही खरं असावं. देव आठवून डोळे भरून येणं मला या मुलाच्या ओठांवरून थोडं कळायला लागलंय.

उद्या श्लोक १०. त्यात एकांतात राहण्याची आवड हे ज्ञानाचं लक्षण सांगितलंय. आमच्याकडे सध्या बाथरूमचं दारसुद्धा लावता येत नाही, तेव्हा काय लिहिता येतंय ते बघू.

जय हरी.