कॅनडाचं निमित्त

1897 चा राजद्रोह म्हटला की टिळक आठवतात. त्याच साली साताऱ्याच्या सत्र न्यायालयात चाललेला दुसरा खटला वकिलांखेरीज फारसा कुणाला ठाऊक नसतो. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. सांगली जिल्हा पुढे 1949 मध्ये निघाला, तोही आधी ‘दक्षिण सातारा’ या नावाने. या इस्लामपुरातून ‘प्रतोद’ नावाचं पत्र निघे. त्यात स्वातंत्र्याच्या तयारीवर एक लेख आला. तयारी कुणाची, तर कॅनडाच्या लोकांची! सातासमुद्रापलीकडच्या गोऱ्या वसाहतीची गोष्ट सांगून लेखकाने इथल्या वाचकाला टोचलं होतं. लेकी बोले सुने लागे, हे सरकारलाही कळलं. पुण्यातल्या प्लेग अधिकारी रँडच्या खुनाने हवा तापलेलीच होती. संपादकाला जन्मभर काळं पाणी आणि दुसऱ्या आरोपीला सात वर्षं, अशी शिक्षा झाली. एका लेखापायी!

अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने ती एक वर्ष आणि तीन महिने अशी खाली आणली. याला दया म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण गुन्हा कायमच राहिला. निकाल देणारे तिघे होते: फॅरन, पार्सन्स आणि महादेव गोविंद रानडे. टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेचींनी ज्युरीला सांगितलं होतं की सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजेच राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’. रानडे तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रेम नसणं वेगळं. अप्रीतीत सत्तेला जुमानायचं नाही अशी बेइमानीची, तिटकाऱ्याची भावना असावी लागते, असं त्यांनी लिहिलं. व्याख्या स्ट्रेचींपेक्षा किती तरी नेमकी. पण तीच लावून त्यांनी इस्लामपूरकराला दोषी धरलं, हे मला खुपतं. सनदशीर मार्गाच्या या पुरस्कर्त्याने जन्मभर सरकारला अर्ज-विनंत्या लिहिल्या होत्या; थेट बोलता येत नाही तिथे माणूस आडून बोलतो, हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं? की न्यायासनावर बसलं की तेवढं विसरावं लागतं?

पुढे 1947 च्या फेब्रुवारीत, सत्ता सोडायला सहा महिने उरले असताना, प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात स्ट्रेचींचाच अर्थ उचलून धरला. अखेर 1962 मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचं कलम ठेवलं, पण हिंसा किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा रोख असेल तरच गुन्हा, अशी अट घातली. त्या कसोटीवर कॅनडाचा लेख सुटला असता, असं मला वाटतं. पासष्ट वर्षं उशिरा.