उपचार, शुश्रूषा, विश्रांती

मराठीत ‘उपचार’ हा एकच शब्द दोन परस्परविरुद्ध गोष्टींसाठी योजला जातो. वैद्य करतो तो उपचार. आणि केवळ रीत म्हणून, मन न घालता, उरकले जाते तेही उपचारच. एका अर्थापासून ‘औषधोपचार’ झाला, दुसऱ्यापासून ‘औपचारिक’. या दोहोंच्या मागे आणखी एक जुना अर्थ उभा आहे, तो पूजेतील षोडशोपचारांचा. आलेल्याला आसन द्यावे, पाय धुण्यास पाणी द्यावे, गंध-फूल द्यावे, दीप दाखवावा. देवाला यांतील कशाचीच गरज नसते, हे पूजा करणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही तो हे सारे करतो. कारण आलेल्याचा मान राखणे ही त्या कृतीची पूर्तता असते, त्यातून काही घडून यावे ही तिची अट नसते.

हा शब्दविचार येथे करण्याचे कारण असे की, रुग्णाच्या खाटेपाशी गाणे, रंग, कथा किंवा नाट्य आणण्याविषयी आज जी चर्चा होते, ती बहुधा पहिल्या अर्थातच अडकून पडते. याने रोग बरा होतो काय, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असे आले की ती गोष्ट आपोआप दुसऱ्या अर्थात ढकलली जाते. म्हणजे ती शोभेची, रिकामपणाची ठरते. परंतु ज्याचा रोग बरा होणार नाही, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही? लागत असू, तर ते कोणते? माझ्या मते खरा नैतिक प्रश्न हा आहे.

आपल्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या गुणांत सेवेचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्याबरोबर रुग्णाविषयीचा अनुरागही गणला आहे. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, आतुरालय कसे सिद्ध करावे हे सांगताना, वारा खेळता असलेले घर, पाणी, स्वयंपाकी, अंग रगडणारे, अंथरूण घालणारे यांच्या बरोबरीने गीत-वाद्यांत कुशल आणि कथा, आख्यायिका, पुराणे सांगण्यात निपुण अशी माणसेही जमवावीत, असे म्हटले आहे. गायकाला तेथे वैद्याचे स्थान दिलेले नाही, आणि त्याला अनावश्यकही मानलेले नाही. तो पाणी आणि अंथरूण यांच्या रांगेत आहे. अर्थात ही सारी सामग्री राजासाठी किंवा विपुल धन असलेल्यासाठी सांगितली आहे. दरिद्री माणसाने जे जमेल त्यावर भागवावे, असा तिचा पुढचा भाग आहे. म्हणजे गाण्याचा प्रश्न प्रारंभापासूनच वाटणीचाही प्रश्न होता, हे विसरता कामा नये.

आधुनिक काळात ही जाणीव रुग्णालयाच्या भाषेत पुन्हा उमटली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९ सालच्या पुस्तकात रंग, आकार आणि वैविध्य यांचा रुग्णाच्या शरीरावरही परिणाम होतो असे आग्रहाने मांडले. अखंड नाद देणारी वाद्ये आणि मानवी कंठ रुग्णाला सुखावतात, तर पियानोसारख्या तुटक नादाच्या वाद्यांचा परिणाम उलटा होतो, इतके बारकाव्याचे निरीक्षणही नोंदवले. १९३८ साली एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार क्षयरोगाने ससेक्समधील आरोग्यधामात दाखल झाले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ मध्ये. तेव्हा हिल यांच्यापुढे विश्रांती आणि प्रतीक्षा याखेरीज फारसा मार्ग नव्हता. ते अंथरुणावरूनच समोरच्या वस्तू रेखाटू लागले, पुढे सहरुग्णांनाही त्यांनी या कामात ओढले, आणि १९४२ च्या सुमारास त्याला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या शेहेचाळीस रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. संख्या लहान होती, निष्कर्ष मर्यादित होता. पण भिंत आणि झाड यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक आहे, एवढे तरी त्यातून मान्य करावे लागले.

मात्र येथेच एक मोह उभा राहतो. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये असे प्रसिद्ध केले की, शरीरभर पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ज्या स्त्रिया आठवड्यातून एकदा एकत्र बसून आपले भय आणि दुःख बोलून दाखवत होत्या, त्या इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. या वार्तेने अनेकांना आशा दिली. नंतर २००१ मध्ये पामेला गुडविन यांच्या गटाने २३५ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही; स्पीगल यांनी स्वतः २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनर्परीक्षणातही एकंदर आयुर्मान वाढलेले दिसले नाही. मात्र गुडविन यांच्या अभ्यासात, ज्या स्त्रिया आरंभी अधिक व्याकूळ होत्या त्यांचे मन हलके झाले आणि वेदनेची जाणीव कमी झाली, हे स्पष्ट झाले.

या दुसऱ्या अभ्यासाला कोणी अपयश म्हणेल. मला तो या विषयातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो. त्याने एक खोटे ओझे उतरवले. बोलण्याने आयुष्य वाढते असे मानले, की जी मरण पावली ती पुरेसे बोलली नाही, पुरेशी हसली नाही, असा आरोप तिच्या मृत्यूनंतरही तिच्यावर उरतो. आयुष्य वाढत नाही हे मान्य केल्यावर मग उरते ते निखळ स्वरूपात दिसते: उरलेल्या दिवसांत वेदना कमी असणे आणि एकटेपण कमी असणे. हे दिवस मोजण्यात येत नाहीत म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाहीत.

खोट्या वचनाची किंमत याहून मोठीही असू शकते. ‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ हे दोन शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांच्यातील अंतर जीवनमरणाचे आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही ज्यांनी प्रस्थापित उपचार नाकारून केवळ पर्यायी पद्धतींचा आश्रय घेतला, त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट होता. तेव्हा जो कोणी गाणे, सुगंध, स्पर्श किंवा ध्यान घेऊन रुग्णापाशी जातो, त्याचे पहिले कर्तव्य आपण काय करू शकत नाही हे स्वच्छ सांगण्याचे आहे. चरकाने गायकाला वैद्याच्या आसनावर बसवले नाही, त्यातला विवेक हाच.

आता उलट बाजूचा आक्षेप. कलेचे उपासक म्हणतील, कलेला औषधाच्या बाटलीत भरणे हा तिचा अवमान आहे. कला साधन झाली की ती कला उरत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि रुग्णालयाच्या भिंतींवरची कित्येक गोंडस चित्रे त्याची साक्ष देतील. पण कलेचा आर्तांशी असलेला संबंध आजच्या व्यवस्थापकांनी जोडलेला नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात भरताने नाट्याचे प्रयोजन सांगताना, दुःखाने, श्रमाने आणि शोकाने ग्रासलेल्यांना ते विश्रांती देईल, असे म्हटले आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या परिणामासाठी वैद्यकातही रुळलेला शब्द घेतला. मराठी समीक्षेने त्याचे ‘विरेचन’ असे भाषांतर केले. भरताचा शब्द वेगळा आहे. विरेचनात काही बाहेर टाकले जाते. विश्रांतीत काही टाकावे लागत नाही, फक्त टेकायला जागा मिळते. पुढे अभिनवगुप्ताने रसास्वादाचे वर्णन करताना याच ‘विश्रांती’ला तत्त्वचिंतनाच्या पातळीवर नेले: जाणीव इतरत्र धावत नाही, आपल्याच ठायी विसावते, ती अवस्था म्हणजे आस्वाद. तेव्हा व्याकूळ माणसाला विसावा देणे हे कलेवर लादलेले परकीय काम नसून, तिच्या स्वभावातच ते आहे असे म्हणता येईल. अवमान होतो तो कलेकडून विसाव्याऐवजी निकाल मागितला जातो तेव्हा.

आणि रुग्णाचे काय? तो केवळ घेणारा आहे असे आपण गृहीत धरतो. उत्साहाने येणारा स्वयंसेवक, हातात टाळ किंवा रंगपेटी, आणि ‘आता छान हसा पाहू’ असा आग्रह: खिळलेल्या माणसाला यापासून पळूनही जाता येत नाही. नाइटिंगेल यांनी रुग्णाला पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले देणाऱ्या अभ्यागतांवर आपल्या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले आहे. ज्या गाण्याला ‘नको’ म्हणता येत नाही ते गाणे रुग्णाच्या दृष्टीने आणखी एक सुई असते. भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याचा अधिकार अबाधित असेल, तरच खिडकीकडे वळण्याला अर्थ आहे.

याउलट, रुग्णाच्या हातून काही घडते तेव्हा सारा संबंधच पालटतो. १९४१ मध्ये कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर आंरी मातीस यांना चित्रफलकापुढे पूर्वीसारखे उभे राहणे कठीण झाले. त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रे घडवली. १९४७ चा ‘जाझ’ हा संग्रह त्यातून आला. दुबळ्या हाताला झेपेल ते काम शोधताना एका थोर चित्रकाराला नवी भाषा सापडली. आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदात कुष्ठमुक्त आणि अपंग कलावंत गातात, वाजवतात. तिकीट काढून बसलेला धडधाकट प्रेक्षक तेथे घेणारा असतो. मातीसइतकी प्रतिभा सर्वांपाशी नसते, हे उघड आहे. पण देणाऱ्याच्या बाजूला क्षणभर उभे राहण्याची भूक सर्वांपाशी असते.

खाटेच्या उशाशी आणखी एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्याविषयी आपण शेवटी बोलतो, हे आपल्या समाजाचे लक्षणच मानावे लागेल. बहुधा ती स्त्री असते: पत्नी, सून, मुलगी. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांचा मृत्युधोका चार वर्षांत त्रेसष्ट टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणजे एका रोगाने दोन माणसे खचतात, आणि नोंद एकाचीच होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृती हरवत चाललेला संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत जातो आणि माहुताच्या बायकोच्या घरी पोहोचतो. ती त्याला लहान मुलासारखे सांभाळते. तिला ते सहज जमते, कारण तो पूर्वी कोण होता हे तिला माहीत नाही. मुलीला मात्र ते माहीत आहे. ती जिवंत पित्याची सेवा करते आणि हरवलेल्या पित्याचा शोकही करते. सेवेच्या श्रमापेक्षा हा दुहेरी भार अधिक जड असतो, आणि त्याला व्यवहारात नाव नाही.

आपल्याकडे राबणाऱ्या बाईला तिचे स्वतःचे गाणे होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. सहकाऱ्यांच्या साहाय्याने तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. जात्याचे श्रम क्रूर होते, ते गेले हे चांगलेच झाले. पण पहाटेच्या त्या काळोखात दगडाला सांगता येई ते सासर, ते आजारपण, तो मृत्यू. आणि समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून ऐकत असे. पिठाच्या गिरणीने हात मोकळे केले. मात्र तो ऐकणारा काळोख तिच्या बदल्यात कोणी दिला नाही. आज बंद सदनिकेत दीर्घ आजाऱ्याची सेवा करणारीला दोन तास बाहेर जाता यावे आणि कोणी तिचे ऐकून घ्यावे, ही मागणी चैनीची समजली जाते.

केरळमध्ये १९९३ साली कोझिकोड येथे सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या चळवळीने हे काम डॉक्टरांपुरते ठेवले नाही. शेजारपाजारच्या सामान्य माणसांना शिकवून ते घराघरांत नेले. राज्यशासनाने २००८ मध्ये त्यासाठी धोरणही आखले. चरकाच्या काळी जे राजाच्या घरी होते ते मजुराच्या झोपडीत पोहोचू शकते, याची ही एक खूण. तेथे येणारा शेजारी कधी जखम धुतो, कधी नुसता बसतो. गाणे आले तर गातो.

आपल्या भाषेने या बसण्याला फार पूर्वीच नाव दिले आहे. ‘शुश्रूषा’ हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. पण तो ‘श्रु’ या धातूपासून झाला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. पाय चेपणे, पाणी देणे, रात्र जागणे हे सारे त्या इच्छेच्या पोटात नंतर आले. या अर्थाने पाहिले तर रुग्णापाशी चित्र, सूर किंवा कथा घेऊन जाणाऱ्याने प्रथम रिकाम्या हाताने जाऊन बसले पाहिजे. खाटेवरचा माणूस काय सांगतो, उशाशी बसलेली बाई काय सांगत नाही, हे ऐकल्यावर कदाचित गाणे लागेल, कदाचित खिडकी उघडणे पुरेल, आणि कदाचित त्या बाईला, ‘तुम्ही जरा पडा, मी बसतो येथे,’ एवढेच म्हणावे लागेल.