बिनकामाचे चालणे



मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात पूर्वी पिकापाण्याच्या गोष्टी चालत. हल्ली साखर, बीपी आणि गुडघे यांच्या चालतात. आम्हीही त्यातलेच. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आमचा रिपोर्ट पाहून रोज अर्धा तास चालायला सांगितले. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे हिशेब तोच. मग पहाटे शासकीय मैदानावर फेऱ्या सुरू केल्या. महिनाभरात वजन दोन किलो उतरले, कंटाळा मात्र चांगलाच चढला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण पाठ केले होते. प्रयोजन हेही एक कारणच असते, हे समजावताना तो विचारतो, हा माणूस फेरफटका का मारतो आहे? उत्तर येते, प्रकृती चांगली राहावी म्हणून. एवढे म्हटले की कारण सांगून झाले असे आपल्याला वाटते. (परीक्षेत आम्हीही एवढेच लिहिले आणि पास झालो.) मैदानाच्या फेऱ्या मारताना मात्र शंका येऊ लागली. चालण्यातून फक्त प्रकृती मिळवायची असेल, तर वाट कोणती आणि शेजारून कोण गेले याला काही किंमतच राहत नाही. राहतो तो आकडा. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. तो दहा हजारांचा आकडा यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. आज तो आपल्या मोबाइलमध्ये बसला आहे, आणि रात्री साडेनऊ हजार दिसले की आम्ही व्हरांड्यात येरझारा घालतो.

शेवटी वाटा बदलायचे ठरवले. कधी निर्गुडेच्या काठाने, कधी रंगनाथस्वामी मंदिराच्या बाजूला, कधी चिखलगावकडे. एकदा लालपुलियाकडे गेलो. तिकडे कोळशाचे डेपो आहेत. घरी येऊन तोंड पुसले तर रुमाल काळा. व्यायामासाठी ती वाट वाईटच, पुन्हा तिकडे जाणार नाही. पण तिथे राहणाऱ्यांना ‘पुन्हा जाणार नाही’ म्हणायची सोय नाही, हे त्या रुमालाकडे बघताना पहिल्यांदा नीट कळले. त्याच रस्त्याने आम्ही कितीदा गाडीने गेलो आहोत, काच वर करून.

नदीच्या वाटेवर एकदा एक म्हातारी भेटली. डोक्यावर भाजीचे टोपले, खेड्यावरून बाजाराकडे निघालेली. ओळखीची निघाली.

“कुठी चालले जी, फादर?”

“कुठेच नाही. असाच चालतो आहे.”

“बिनकामाचं?” तिने विचारले. टोमणा नव्हता, तिला खरेच नवल वाटले होते. “मायबाई! आमाले त चालू चालू कटाळा आला.”

आणि ती पुढे गेलीसुद्धा. टोपले घेऊन तिचा वेग आमच्यापेक्षा जास्त होता.

तिचा तो शब्द पाठ सोडीना. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली. पुढच्या दोन महिन्यांत आपल्या पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गाने मजूर मुलाबाळांसह पायी उत्तरेकडे आपापल्या गावी चालले होते. त्याच दिवसांत आम्ही गच्चीवर फेऱ्या मारत होतो आणि आज किती झाल्या ते वहीत लिहून ठेवत होतो. मग आपले चालणे ही पोट भरलेल्यांची चैन समजून सोडून द्यावे का?

आम्हाला तसे वाटत नाही. आजारी पडून घरच्यांवर भार होण्यात कसली नम्रता? आणि आम्ही घरी बसल्याने त्या म्हातारीचे टोपले हलके होणार नाही. चुकते ते इतकेच, की आपण चालण्याचे प्रयोजन आधीच पक्के करून, त्याला कुलूप लावून घराबाहेर पडतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून विनोबा भावे मार्च १९५१ मध्ये पायी निघाले, ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी. संमेलन झाल्यावर ते तेलंगणात गावोगाव चालत राहिले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि गावातल्याच एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. भूदान चळवळ तिथून सुरू झाली. ते मोटारीने गेले असते तरी संमेलन झालेच असते. पोचमपल्ली घडली असती का, सांगता येत नाही.

यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरचा तो याजक अशा वेळी आठवतो. तो आमच्याच पेशाचा, म्हणून त्याची बाजू घ्यायचा मोह होतो. त्याला कुठेतरी वेळेवर पोहोचायचे असेल. जखमी माणूस त्याला दिसला होता, एवढे मात्र शुभवर्तमानात स्पष्ट आहे.

तर येत्या शनिवारपासून पहाटे साडेपाचला चर्चच्या फाटकापासून निघू. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पाचला. दर आठवड्याला वाट वेगळी, पहिली निर्गुडेच्या काठाची. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मैदान सोडू नये, तिथली जमीन सपाट आहे. ट्रकच्या रस्त्याला उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. खाणींच्या बाजूच्या झुडपांत वाघ दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा एकट्यादुकट्याने अंधारात तिकडे जाऊ नये. वाटेत कुणी भेटले तर थांबणार आहोत. अर्ध्या तासाचा पाऊण तास होईल, घरी तसे सांगून या.